दोन मैदानं आणि एक फलक

नव्या टेनिस बॉलचा वास आला की मला खालापूरची ती क्रिकेट स्पर्धा आठवते. मार्चमधला रविवार, शेजारशेजारची दोन मैदानं, धावा मांडायला एकीकडे मी, दुसरीकडे माझी मुलगी. मोबाईलवर टाकलेला आकडा इंटरनेटवरून धावफलकावर नेणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. पहिल्या मैदानाच्या जोडणीत पासवर्ड, फलकाचा पत्ता सगळं भरलं होतं. दुसऱ्यासाठी पुन्हा कुठे भरायचं म्हणून मी त्या जोडणीची प्रत काढली. प्रतीत पहिल्याच फलकाचा पत्ता आला, आणि तो बदलायचा मी विसरलो. मुलीकडे बराच वेळ रेंज नव्हती, म्हणून कळलंही नाही. माझ्या मैदानावर शेवटचं षटक चालू होतं; दहिवलीविरुद्ध जिंकायला कोंडाण्याच्या संघाला एकूण अडुसष्ट धावा हव्या होत्या, झाल्या होत्या चौसष्ट. फलंदाज धावत असतानाच मुलीकडे रेंज आली आणि आमच्या फलकावर तिच्या मैदानावरच्या एकाहत्तर धावा झळकल्या. जिंकलो समजून तो मध्येच नाचू लागला; दहिवलीवाल्यांनी यष्ट्या उडवल्या. “आउट हाय!” “नाय रं, फलक बघ!” सगळे माझ्याकडे धावले. मी वही दाखवली, “चौसष्टच आहेत. चूक माझी.” दहिवलीचा कप्तान हसला, “काका, तुमच्या कॉम्प्युटरनं काढलेली विकेट आमाला नको. खेळ रं!” पुढच्याच चेंडूवर त्या फलंदाजाने चौकार मारला आणि कोंडाणं जिंकलं. “आता रस तुमीच पाजा,” दहिवलीचा कप्तान मला म्हणाला. बावीस ग्लासांचे पैसे मी रसवंतीवाल्या मावशींना दिले, आणि इतक्या आनंदाने मी आजवर कुठलाच दंड भरलेला नाही.