उजवीकडून आलेली हाक

ती पोहायला कधी शिकली, हे घरात कोणालाच आठवत नाही. चालायला उशिरा लागली, बोलायला तर त्याहून उशिरा, पण पाण्यात सोडली की स्वारी खूश. मोठा भाऊ तिला पाणकोंबडी म्हणायचा. पुढे चाळिशी उलटली, माणसांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप परत आणायचा उद्योग तिने थाटला, तरी भावाने ते नाव काही सोडलं नाही. बाकी सगळ्यांची ती ताई. शिकायला आलेले साठीचे गृहस्थसुद्धा तिला ताईच म्हणत आणि तिची बोलणी खाली मान घालून खात.

धंदा दोघा भावंडांचा. धक्क्याजवळ एक लांबट खोली होती. भिंतीशी हवेचे सिलिंडर उभे, दांडीवर रबरी सूट वाळत घातलेले, कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर, आणि या सगळ्याचा मिळून येणारा ओल्या टायरसारखा वास. पाण्याखालचं सगळं तिचं, पाण्यावरचं सगळं दादाचं. बोट, इंजिन, नांगर, हवामान हे त्याचं खातं. दादा मोजकं बोलणारा. त्याच्या वाटणीचंही तीच बोलून टाकायची. कोणी लग्नाचं विचारलं तर "खाली एक बरा मासा बघून ठेवलाय" म्हणून उडवून लावायची.

नवीन माणूस आला की तिचं पहिलं व्याख्यान कानांवर. "खाली जाताना कानांना दडे बसतात. नाक धरायचं, हळूच फुंकायचं. कान मोकळा झाला तर पुढे, नाही झाला तर गुपचूप वर. जोर लावायचा नाही. पाण्याशी हट्ट चालत नाही. आणि सर्दी झालेला माणूस बोटीवर दिसला तर मीच त्याला घरी पाठवीन." नुसतं बोलायची नाही, करायचीही. एकदा एका नव्या नवऱ्याला दोन शिंका आल्या, तर तिने त्याला बोटीवर बसवून ठेवलं. बायको खाली जाऊन मासे बघून आली आणि हा वर नाक पुसत बसला.

आणि हीच बाई एका सकाळी चोंदलेल्या नाकाने पाण्यात उतरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माणसं लांबून आली होती, बोट भरली होती, आणि इतकी वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला सर्दीने काय होतंय, असं तिला वाटलं. नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि उतरली. खाली जाता जाता डावा कान अडला. तिची माणसं तिच्याही खाली पोचली होती, त्यांना सोडून वर येणार कशी? तिने नाक धरलं, फुंकलं. काही नाही. मग होता नव्हता तेवढा जोर लावला.

कानाच्या आत टक् झालं. काडी मोडावी तसं. पाठोपाठ सगळा समुद्र गरगर फिरायला लागला. नांगराचा दोर घट्ट धरून, डोळे मिटून ती लटकत राहिली. चक्कर ओसरली तशी खाली गेली आणि सगळ्यांना मासे दाखवून वर आली. दुखत काही नव्हतं. शेजारच्या खोलीत कॉम्प्रेसर चालू राहिल्यासारखी घरघर तेवढी होती. कानात पाणी गेलंय, तिने स्वतःला सांगितलं. हजारो लोकांच्या कानांची उठाठेव केलेल्या बाईने स्वतःच्या कानाला ही थाप मारली, आणि कहर म्हणजे ती तिला पटलीही. मग एका पायावर उड्या मारणं झालं, थेंब झाले, गरम फडक्याचा शेक झाला. त्यात आठवडे गेले.

शेवटी ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेली, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा तरुण. तपासणीचा कागद त्यांनी पुढे सरकवला. एक रेघ वर होती, दुसरी पार तळाशी.

"उजवा उत्तम आहे. डावा गेलाय."

"गेलाय म्हणजे? पडदा फाटलाय का? तो भरून येतो."

"पडदा नाही. त्याच्या आतला कान. लगेच आला असतात तर औषधाने, नाहीतर ऑपरेशनने काही वाचवता आलं असतं. आता आशा नाही. इतके दिवस थांबलात कशाला?"

तिने तळाच्या रेघेवरून बोट फिरवलं. गेला. एवढासा शब्द. ज्या चुकीसाठी तिने लोकांना सळो की पळो करून सोडलं, तीच चूक तिने केली होती, आणि वर आठवडेच्या आठवडे झाकूनही ठेवली होती.

"पाण्यात वगैरे जाता का? आता खोल जाणं बंद. उजव्यालाही असंच झालं तर काय कराल? काम काय करता तुम्ही?"

"दुकान आहे," ती म्हणाली.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर दादाने त्याच दिवशी तिचा सूट कपाटात घालून किल्ली खिशात टाकली असती. पाणी सुटलं तर मागे उरायचं काय? नुसती एक बडबडी बाई. शिवाय तिने मनाशी हिशेबही मांडला होता. पाण्याखाली आवाजाला दिशाच नसते. कोणी सिलिंडरवर ठोकलं तर ते चहूकडून ऐकू येतं, दोन कानवाल्यालाही. तिथे बोलणं सगळं हातांनी. म्हणजे खाली काहीच बिघडलेलं नव्हतं. वर काय, वरचं सांभाळून घेऊ.

वरचं थोडंफार सांभाळलं गेलंही. जेवताना ती भिंतीकडची जागा धरू लागली, म्हणजे सगळे उजवीकडे. स्वयंपाकघरातून वहिनीने हाक मारली की ही न्हाणीघरात डोकावायची. वहिनी हसायची, "डोळे उघडे ठेवून झोपतेस की काय गं?" तीही हसायची. पण बोटीवर दादाची सुकाणूच्या चाकापाशी उभं राहायची जागा ठरलेली आणि तिची त्याच्या शेजारी, तो डावीकडे. त्याचे ते मोजके चार शब्द इंजिनाच्या आवाजात मेलेल्या कानावर पडायचे. ही आपली समोर बघत उभी. दादाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारायचंच सोडलं. बाईसाहेबांना शिंगं फुटलीत, अशी त्याने समजूत करून घेतली. तिच्या हे लक्षात आलं होतं. तरी तिने ती समजूत तशीच राहू दिली, कारण ती सोयीची होती.

त्या दिवशी वारा वाढत होता. ती वाकून पट्टे आवळत असताना दादा काहीतरी म्हणाला. मग एकदम ओरडलाच, "आज नको म्हणतोय मी! ऐकायचंच नाही असं ठरवलंयस का?"

"माणसं आलीयेत दादा, आता कसं परत पाठवू?"

"हल्ली तू मला मोजतच नाहीस," तो म्हणाला आणि इंजिन चालू करायला गेला. एक वाक्य बोलली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. तिने पट्टा आणखी आवळला.

चौघांना घेऊन ती वर आली तेव्हा लाटा पुरुषभर उठत होत्या. बोट दिसेना. तेवढ्यात हाक आली.

"पाणकोंबडे!"

त्या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. हाक उजवीकडून आली. बोट तिकडे वाहत गेली असणार. चौघांना एकमेकांना धरून राहायला सांगून ती उजवीकडे सुटली, अंगात होता तेवढा जोर लावून. पुन्हा हाक आली. उजवीकडूनच, पण आता क्षीण. दादा बुडतोय, तिच्या मनात आलं, आणि ती आणखी जिवाच्या आकांताने त्याच दिशेला हात मारू लागली. तिसरी हाक जेमतेम आली. मग काहीच नाही.

एका लाटेने तिला वर उचललं. समोर नुसतं पाणी होतं. तिने वळून पाहिलं. बोट पार मागे राहिली होती, आणि बोटीच्या मागच्या अंगाला पाण्यात ते चौघे गोळा झाले होते.

घडलं होतं ते असं. नांगराचा दोर बोटीच्या पंख्यात गुंतला. तो कापायला दादा सुरी घेऊन पाण्यात उतरला. लाटेने बोट उचलली, दोराचा फास मनगटावर आवळला, सुरी सुटून तळाला गेली. प्रत्येक लाट त्याच्या डोक्यावरून जात होती. चौघांत एक बँकेतला जाडजूड गृहस्थ होता. साध्या गाठी जमत नाहीत म्हणून ताईने त्याला सकाळीच फैलावर घेतलं होतं. त्याने हाक ऐकली आणि जिकडून आली तिकडे तो पोहत गेला, बाकीचे तिघे त्याच्या मागोमाग. पायाला बांधलेल्या सुरीने त्याने दोर कापला.

ती बोटीवर चढली तेव्हा दादा फळीला टेकून पाणी ओकत होता. मनगटाची सालं निघाली होती. श्वास जागेवर आल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलीस ना हाक?"

"ऐकली."

"मग लांब गेलीस. मी बोंबलतोय आणि मला तुझी पाठ दिसतेय." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "सकाळच्या बोलण्याचा एवढा राग, पाणकोंबडे?"

आपल्या सख्ख्या भावाला असं वाटू शकतं? प्रवाह होता, लाट होती, काहीही सांगता आलं असतं. पाण्यातलं दादाला काय कळणार होतं? पण ते तिच्या तोंडून निघेना.

"डावा कान गेलाय माझा. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सगळंच उजवीकडून येतं."

"कधीपासून?"

"मला सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

तेव्हापासून बोटीतून किती माणसं नेली-आणली, तो हिशेब त्याच्या तोंडावर तिला दिसला. मग त्याने मान झटकली. "खोटं. आता काहीतरी सांगू नकोस."

तो उठला, झोकांड्या खात तिच्या डावीकडे आला. ती समोर बघत राहिली. समोरच्या बाकावर ते चौघे बसले होते. डाव्या गालाला त्याचा ऊन श्वास लागला, उजव्या कानात नुसता वारा घोंघावत होता. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून ती थांबली. तेवढ्यात बँकवाल्याचा हात तोंडावर गेला. त्याच्या शेजारच्या बाईने मान दुसरीकडे फिरवली.

दादा समोर आला. तिचा चेहरा अजून वाट बघत असलेला त्याने पाहिला आणि तो मटकन खाली बसला.

"काय म्हणालास?" तिने विचारलं.

दादाने दोन्ही हातांत तोंड घेतलं. तिने चौघांकडे पाहिलं.

"काय म्हणाला तो?"

कोणीच सांगेना.