जयतीर्थरावांनी जपलेला रेडिओ

यशवंतपूरच्या बाजारामागे, रेल्वेच्या मालधक्क्याला लागून, एक सरकारी प्राथमिक शाळा होती. जयतीर्थराव तिचे हेडमास्तर. त्यांचे घराणे मूळचे देशावरचे, पण बंगळुरात इतक्या पिढ्या गेल्या होत्या की घरातली मराठीही निम्मी कानडीत भिजलेली. वस्तू जपावी ती जयतीर्थरावांनीच, असे शाळेत सगळे म्हणत. खडू बोटांत धरता येईनासा होईपर्यंत टाकायचा नाही. नकाशा वर्षातून एकदा उन्हाला दाखवायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. या जपण्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पंचवीस वर्षे सरकारची एकही वस्तू त्यांच्या हातून हरवली नव्हती.

अठ्ठावन्न साली शाळेला रेडिओ मिळाला. चांगला शिक्षक प्रत्येक शाळेला देता येत नाही, पण त्याचा आवाज देता येतो, असे बरोबरच्या परिपत्रकात लिहिले होते. शाळेत वीज नव्हती, म्हणून रेडिओ बॅटरीवरचा. ती बॅटरी विटेएवढी होती आणि जुनी संपली तरच नवी, तीही वर्षाला एकच मिळायची. बसवायला आलेल्या माणसाने जाताना बजावले, की रोज लावत जा. ही वापरली तरी संपते आणि ठेवली तरी संपते. जयतीर्थरावांनी मान हलवली. मनात म्हणाले, ठेवलेली वस्तू कशी संपेल?

पत्नी पद्मावतीबाईंनी जुन्या रेशमी लुगड्याच्या काठाची झालर लावून रेडिओला अभ्रा शिवून दिला. तो घालून रेडिओ कपाटात गेला. तपासणीचे साहेब आले की बाहेर निघायचा, दोन मिनिटे बोलायचा आणि आत जायचा. साहेबांनाही रेडिओ जागेवर आहे ना, एवढेच पाहायचे असे. तो किती वाजतो, हे कोणी विचारले नाही.

एरवी तो बाहेर येई तो आयुधपूजेला. त्या दिवशी बंगळुरात लोहारापासून मोटारवाल्यापर्यंत सगळे आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावतात आणि दिवसभर त्यांना विश्रांती देतात. शाळेत घंटा, कंपास आणि मधोमध रेडिओ अशी पूजा मांडली जाई. शिपाई देवाप्पा निपाणीकडचा, जिभेने सैल. एकदा पूजेचे तबक धरून तो म्हणाला, "अण्णा, बाकीच्यांना एक दिवसाची रजा. ह्यो गडी तर बारा महिने रजेवरच हाय." जयतीर्थराव हसले होते.

वसुमतीबाईंना मात्र हसू येत नसे. या तरुण शिक्षिका एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळत. एका वर्गाला पाढे लिहायला लावून दुसऱ्याला गोष्ट सांगत, आणि ती ऐकायला पहिला वर्ग पाढे सोडून मान वळवी. रेडिओ लावला तर एका वर्गाला तरी पुरता शिक्षक मिळेल, असे त्या अनेकदा बोलून दाखवत. जयतीर्थराव दर वेळी म्हणत, बघू, बॅटरी स्वल्प आहे.

तिसऱ्या वर्षी आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमात धडा सांगायला वसुमतीबाईंना बोलावणे आले. कार्यक्रम दसऱ्याच्या सुटीनंतरचा होता. या धड्यांची एक रीत होती. शिक्षक प्रश्न विचारून क्षणभर थांबे, आणि त्या थांब्यात आपापल्या शाळेतल्या मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचे. वसुमतीबाईंनी वर्गाकडून हे घोकून घेतले. पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो यल्लव्वात. बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाची ही मुलगी दोन वर्षे वर्गात बसत होती, पण सगळ्यांसमोर तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

त्या हेडमास्तरांच्या खोलीत आल्या. "जयतीर्थअण्णा, आजवर मी तुमच्याकडे कधी हट्ट धरला नाही. त्या दिवशी तेवढा रेडिओ लावा. यल्लव्वा बोलणार आहे."

"ती? तुमच्यासमोर बोलत नाही ती."

"माणसासमोर नाही बोलत. पेटीला डोळे नाहीत, असं माझ्या कानात म्हणाली. पेटीला सांगते."

जयतीर्थरावांनी मनापासून शब्द दिला. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः रेडिओ पुसला. देवाप्पाने अंगणात दोन बांबूंना एरियलची तार बांधली आणि विचारले, "जरा लावून बघू का, अण्णा?"

"नको," ते म्हणाले. "उद्यासाठी राहू दे."

दुसऱ्या दिवशी वसुमतीबाई आकाशवाणीवर गेल्या. इकडे मुले सारवलेल्या जमिनीवर दाटीवाटीने बसली. यल्लव्वाला अगदी पुढे, पेटीजवळ जागा दिली होती. जयतीर्थरावांनी अभ्रा काढला, त्यावर आयुधपूजेचे कुंकू अजून होते. बटण फिरवले. आवाज नाही. पुन्हा फिरवले. देवाप्पाने तार हलवून पाहिली. शेवटी मागची फळी उघडली, तेव्हा बॅटरी फुगून फुटलेली आणि तिच्यातून पाझरलेल्या चिकट रसाने आतल्या तारा खाल्लेल्या दिसल्या. न वापरताच ती संपली होती.

मुले उठली नाहीत. पेटी आता बोलेल, मग बोलेल, म्हणून धड्याची वेळ टळून जाईपर्यंत बसून राहिली. त्यांच्याकडे पाहताना जयतीर्थरावांच्या मनात एकच येत होते, की शहराच्या दुसऱ्या टोकाला वसुमतीबाई आत्ता प्रश्न विचारून थांबल्या असतील.

दुसऱ्या दिवशी त्या हसतच वर्गात शिरल्या. घडलेले सांगायला जयतीर्थराव दारापर्यंत आले होते, पण त्यांचे धाडस होईना. तेवढ्यात बाईंनी विचारलेच, ऐकलंत का रे? बाईंना वाईट वाटू नये म्हणून मुले एका सुरात हो म्हणाली. काय ऐकलंत, असे विचारताच एकाने हत्तीची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने कावेरीची. धडा होता मधमाश्यांचा. बाईंचे हसू हळूहळू मावळले.

तेव्हा पुढच्या रांगेत यल्लव्वा उभी राहिली. सगळा वर्ग बघत असताना ती स्पष्ट म्हणाली, "टीचर, पेटी बोललीच नाही. मी वाट बघितली."

दोन वर्षांतले वर्गातले तिचे पहिले बोलणे ते.

वसुमतीबाईंनी तिला जवळ घेतले. संध्याकाळी निघताना त्या जयतीर्थरावांना म्हणाल्या, "मी प्रत्येक प्रश्नाला थांबले होते, अण्णा. जरा जास्तच थांबले, म्हणून तिथले लोक कुरकुरले."

त्याच्या पुढच्या जूनमध्ये वसुमतीबाईंची शहराबाहेर के. आर. पुरमला बदली झाली. यल्लव्वाला घरच्यांनी बाजारात शेंगा निवडायला बसवले. बाई असत्या तर त्यांनी बापाशी भांडून तिला परत आणली असती. दुरुस्त झालेला रेडिओ आला, नवी बॅटरी आली. आता तो रोज वाजे, आणि जयतीर्थराव वर्गाच्या दारात उभे राहून ऐकत. चांगले चांगले आवाज येत. वसुमतीबाईंचा पुन्हा आला नाही. एकदाच झालेला तो धडा कसा होता, हे त्यांना कधी कळले नाही.

निवृत्तीनंतर मुलाने घरी रेडिओ घेतला. पहिल्याच आयुधपूजेला पद्मावतीबाईंनी त्यालाही हळदकुंकू आणि फूल वाहिले. जयतीर्थराव उठले आणि फूल हलू न देता त्यांनी बटण फिरवले.

"अहो, आज हत्याराला हात लावत नाहीत," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी आवाज वाढवला. शेतकऱ्यांसाठी काही माहिती चालली होती, बियाण्याची की खताची. जयतीर्थराव ती संपेपर्यंत पाटावर बसून राहिले.