गफूर सरांच्या क्लासच्या खोल्या

शिकवणीवर्गांच्या माहितीसाठी एकच सरकारी नमुना बनवायचं काम आमच्या लातूरच्या कचेरीत आलं आणि किस्से इतके साचले, की फाईल बांधायला दोरी पुरेना!

सुरुवात गफूर सरांपासून. त्यांच्या फिजिक्सच्या क्लासला नोटीस लागली. खोल्या किती? एका खात्याकडं एक, दुसऱ्याकडं तीन, तिसऱ्याकडं सहा! पहिल्यानं भिंती मोजलेल्या, दुसऱ्यानं पडदे, तिसऱ्यानं बॅचेस. सोमवारपर्यंत आकडे जुळले नाहीत तर क्लासला सील. परीक्षा तर तोंडावर!

सरांनी भूकंपापासून भिंतींचा धसका घेतलेला. एकच लांबलचक हॉल, वर पत्रे, मधे दोन पडदे. म्हणायचे, "पडदा अंगावर पडला तर पोरगं झोपंल. मरणार तर न्हाई!"

* * *

साहेब म्हणाले, "नमुना आधी गावोगाव फिरवून बघू." निघालो!

देगलूरला 'शिकवण्याची भाषा' या रकान्यात एकच नाव मावत होतं. तिथले सर म्हणाले, "शिकवतो मराठीत, समजावतो तेलुगूत, शिव्या कानडीत. कोणती लिहू?"

"जास्त वेळ कोणती चालते?"

"कानडी!"

* * *

किनवटला 'विद्यार्थी किती?' विचारलं.

"फी भरलेले, येऊन बसलेले, का जागे असलेले?"

साहेबांनी खुशीत तीन रकाने पाडले. तिसरा कोराच परत आला!

* * *

नायगावला आग विझवायचं यंत्र होतं. कपाटात, कुलपात!

"चोरीला जाईल ना साहेब."

"किल्ली?"

"मालकाकडं. नांदेडला."

साहेबांनी तिथंच नवा रकाना जोडला : 'हाताला येतं का?'

* * *

रविवारी तिन्ही खात्यांचे अधिकारी गफूर सरांच्या हॉलवर आणले. उत्तरं पुन्हा तीन!

सरांनी दाराला कडी घातली. तिघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं, हातात कोरे नमुने दिले. "तिघांचं उत्तर एक होईस्तोवर पेपर चालू! शेजारच्याचं बघायचं न्हाई!"

अर्धा तास गेला. एकानं पाणी मागितलं. दुसऱ्यानं चक्क पुरवणी मागितली! पडद्याआडून सगळी बॅच बघत होती.

शेवटी ज्यांनी नोटीस काढली होती, त्याच अधिकाऱ्यांनी बोट वर केलं. "सर, प्रश्नच चुकलाय!"

सरांनी हात पुढं केला. "मग ती नोटीस आणा इकडं. प्रश्न चुकला की मार्क समद्यांना मिळतेत!"