नमुन्याची पिशवी

माझी मुलगी लांज्याजवळच्या एका काजू कारखान्यात मार्केटिंग मॅनेजर आहे. तिने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे काजू विकायचे ना?" ती म्हणाली, "बाबा, विकणं हा त्यातला एक तुकडा आहे." मला ते पटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे जन्मभर चिऱ्याचं बांधकाम केलं. माझं काम लोकांनी भिंत बघून मागितलं, मला कुणापुढे तोंड वेंगाडावं लागलं नाही. चांगला माल पुढे ठेवला की झालं, याला मॅनेजर कशाला, असं मी तिला तोंडावर म्हणायचो.

ती चिडायची नाही. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पडवीत बसायची आणि आपल्याशीच बोलल्यासारखी सांगायची. गिऱ्हाईक काय मागतंय ते आधी नीट ऐकावं लागतं. आपल्याकडे काय नाही ते आपल्याला पाठ असावं लागतं. मी म्हणायचो, "काय नाय ते पाठ करून काय विकणार गो? काय हाय ते सांग!" आणि आम्ही दोघं हसायचो.

मालकाने तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. मोठी ऑर्डर आणलीस तर कायम करू, नाहीतर नमस्कार, असं स्पष्ट सांगून. पाच महिने होऊन गेले होते. एवढ्यात पुण्याच्या एका मिठाईवाल्यांकडून निरोप आला, की त्यांच्या खरेदी बघणाऱ्या बाई रत्नागिरीत येताहेत, नमुना घेऊन भेटा. नमुना म्हणजे काय, तर पोत्यात जे आहे त्यातले मूठभर. मुलीने कारखान्यातून खाकी कागदाच्या दोन पिशव्या भरून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या.

ती झोपल्यावर नव्हे, चांगल्या दिवसाउजेडी, ती अंघोळीला गेली असताना मी त्यातली एक उघडून बघितली. दाणे बरे होते. पांढरे, अख्खे, पण मध्यम. हे घेऊन माझी पोर पुण्याच्या माणसांपुढे जाणार?

आमच्याकडे पाहुणा मुंबईला परत निघाला की त्याच्या पिशवीत घालायचे काजू वेगळे निवडतात. तुटके, पाकळ्या झालेले घरच्या उसळीला ठेवायचे आणि मोठे, अख्खे पाहुण्याला द्यायचे. माझ्या आईने हेच केलं, बायकोही हेच करते. माझी कातळाच्या उतारावर अकरा झाडं आहेत. बायकोने हाताला राख लावून फोडलेले त्यांचे गर डब्यात होते, एकेक दाणा अंगठ्याएवढा. मी दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या, डब्यातले त्यांत भरले, वर पूर्वीसारखी घडी घातली. मला त्यात चोरी वाटली नाही, अब्रू राखली असं वाटलं.

मी पिशव्या धरायला म्हणून बरोबर गेलो. हॉटेलात बाई भेटल्या. केस पिकलेले, चष्मा, आवाज हळू. त्यांनी कारखान्याच्या परवान्याची प्रत मागितली. मुलगी झेरॉक्स काढायला खाली गेली आणि मी त्या बाईंसमोर एकटा उरलो. विहारात जयंतीला मी माईक घेऊन तासभर बोलतो, पण तिथे मी नुसता पिशव्या सारख्या करत बसलो.

"काका, उघडू का?"

"उघडा की."

त्यांनी पिशवी पांढऱ्या कागदावर ओतली. एक दाणा मधोमध मोडला, वास घेतला, खूप वेळ चावला. मग म्हणाल्या, "हा तर एकशेऐंशीचा दाणा आहे. फोनवर मॅडम तीनशेवीस म्हणाल्या होत्या."

काजूच्या धंद्यात नंबर जितका लहान तितका दाणा मोठा, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याच वेळी मी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी मान ताठ करून म्हणालो, "आमच्याकडे असाच असतो."

"सगळा?"

"सगळा."

बाईंनी दुसरी पिशवी उघडलीच नाही. तिच्यावर चिकटपट्टी लावली. मुलगी वर आली तेव्हा तिला म्हणाल्या, "दिवाळीच्या डब्यांसाठी मला हाच माल पाहिजे. ही पिशवी माझ्याकडे राहील. येणारं प्रत्येक पोतं याच्याशी ताडून घेणार, जरा जरी कमी निघालं तरी सगळा माल परत. इथे सही करा."

ओतलेले दाणे बाईंनी तोवर कागदासकट गुंडाळून पर्समध्ये ठेवले होते. मुलीने चिकटपट्टीवर सही केली. तिला आनंद लपवता येत नव्हता. आपण काय करून बसलो, ते मला तेव्हाच कळलं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून मालकाला फोनवर सांगत होती. हातखंब्याला गाडी थांबली, वडेवाला आला, तिने मला वडापाव घेऊन दिला. मी तो कागदासकट तसाच मांडीवर धरून बसलो. "काय झालं हो बाबा? गाडी लागली?" मी म्हटलं, "होय." पाली गाव येईपर्यंत मी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं. प्रत्येक वेळी तिचा चेहरा बघितला आणि गिळलं. साठ वर्षं मी शिडीवर, कठड्यावर, पडक्या विहिरींच्या काठावर चाललोय. पण असा पायाखालून जमीन सुटल्यासारखा घाबरलो नव्हतो.

नंतरचे चार दिवस मी घरात माणसासारखा वागलो नाही. तिचा फोन वाजला की मी उठून मागल्या दारी जायचो. पुण्याहून पोती परत आलीत, दारात ट्रक उभा आहे, मालक तिच्यावर ओरडतोय, असं जागेपणी दिसायचं. बायको म्हणाली, "डॉक्टरकडे चला." मी तिच्यावरच खेकसलो.

पाचव्या दिवशी कारखान्यात गेलो. वाटलं, कदाचित असतील तसे दाणे, निवडले तर निघतील. लांबलचक टेबलाशी बायका बसून प्रतवारी करत होत्या. त्यांतल्या एका वयस्क बाईला मी हळूच विचारलं, "एकशेऐंशीचे किती निघतात हो?"

"पोत्यात ओंजळभर निघाले तर नशीब." तिने माझ्याकडे वर बघितलं. "का ओ काका, घरात लगीन काढलाव काय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसलो, आणि हसता हसता मला घाम फुटला. या बायकांना मालकाने सांगून ठेवलं होतं, की पुण्याचं काम आलंय, यंदा पावसात कुणाला घरी बसवणार नाही.

मुलगी आतल्या खोलीत होती. मी दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. पिशव्या मी बदलल्या. दाणे आपल्या झाडांचे होते. बाईंनी विचारलं तेव्हा सगळा असाच असतो असं मीच सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत हळूहळू मागे सरकली. "मी सही केलीय हो त्याच्यावर," एवढंच म्हणाली.

"मला वाटलं तुझी शान राहील," मी म्हणालो.

"पाहुणे नाहीत ते बाबा. एकदा खाऊन मुंबईला जाणारे नाहीत. त्यांना दर महिन्याला तेच पाहिजे असतं, तेवढंच. चांगलं दाखवणं सोपं असतं हो. आपलं आहे तेवढंच दाखवायला छाती लागते, ते शिकायला मला पाच महिने लागले."

तिने मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मी? मला काय बोलता येतंय त्यांच्याशी?"

"सगळा असाच असतो, हे बोलता आलं ना?"

रिंग वाजत होती. उचलू नये असं मनात म्हणत होतो, तोच बाईंचा आवाज आला. मी काय बोललो ते आज धड आठवत नाही. माझी झाडं, डबा, बायकोचे हात, असं काहीतरी उलटसुलट. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "मॅडमना हे माहीत होतं?"

"नाय. शपथ घेतो. तिला आज कळलं."

"मग तुमचा तीनशेवीसचा नमुना पाठवा. मात्र पिशवी तुम्ही भरायची नाही, मॅडमनीही नाही. तिसऱ्याच कुणीतरी भरावी. ऑर्डरचं मी आत्ता काही बोलत नाही."

मुलीने लगेच मालकाला जाऊन सांगितलं. तिकडून आलेले शब्द मी इथे लिहीत नाही. लगीन विचारणाऱ्या त्याच बाईने पोत्यात मोठ्या पळीसारखा डावला घातला आणि न बघता पिशवीत ओतला. त्यात एक तुटका अर्धुकडा पडला. माझा हात आपोआप पुढे गेला. मुलीने माझं मनगट धरलं, आणि पिशवी चिकटवून होईपर्यंत सोडलं नाही.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. दिवाळीच्या डब्यांना बाईंनी दुसरीकडचा मोठा दाणा घेतला. आमचा तीनशेवीस त्यांनी काजूकतलीसाठी घेतला, दर महिन्याला, सांगितला होता त्याच्या निम्मा. पावसात टेबलाशी निम्म्याच बायका बसल्या. मुलीला मालकाने कायम केलं नाही, आणखी सहा महिने बघू म्हणाला. ती रोज कामाला जाते. पहिला ट्रक पुण्याला पोचला त्या दिवशी तिने घरी फोन करून फक्त "माल उतरवून घेतला त्यांनी" एवढं सांगितलं, आणि मी आत जाऊन बायकोला तेच जसंच्या तसं सांगितलं.