मोटारवाला जावई

अमरावतीत वकिली करत असताना माझ्या जुन्या मोटारीच्या एका लाकडी चाकाचे आरे तुटले. मला मूळचंच चाक हवं होतं. म्हणून ते बडनेऱ्याला, बैलगाडीची चाकं करणाऱ्या एका सुताराकडे नेलं. त्याने बाभळीचे नवे आरे ठोकून बसवले, चाकावर थाप मारली आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"मजुरी नाई पायजे. मले मोर्शीले सासरवाडीत घेऊन चला. बायको रुसून माहेरी बसली हाय, अन् सासरा म्हणते, जावयाले वजनच नाई."

चाक मोटारीला लावून मी त्याला शेजारी बसवलं आणि निघालो. मोर्शीच्या वेशीवर मोटार थांबवायला लावून तो मागच्या सीटवर जाऊन बसला. मी काही विचारणार, तोच म्हणाला, "गप बसा ना वकीलसाहेब, डायवर बोलत नसते!"

बोलण्यावर पोट भरणारा मी गप्प झालो.

सासऱ्याने त्याला ओसरीवर गादी दिली. मी मोटारीपाशीच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्याची बायको माझा चहा घेऊन बाहेर आली आणि माझा काळा कोट न्याहाळत राहिली.

"खरं सांगा, मोटार तुमचीच ना?"

"हो," मी पुटपुटलो.

"मंग बाबाले सांगू नका," ती पदराआड हसत म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत पळाली.