पाठीवरच्या पट्टीत गुरुजी भेटले

मंडळी, आज कित्येक महिन्यांनी अख्खी कविता उभ्यानं म्हटली!

मानदुखीनं पुस्तक हाती धरवत नव्हतं. दोन कडवी झाली की मान आखडायची. वाटलं, संपलं आपलं वाचन. म्हणून आज बायकोला घेऊन वसमतला फिजिओथेरपीवाल्या ताईंकडे गेलो. त्यांनी खांद्यापासून पाठीपर्यंत चिकटपट्टी लावली, ती लगेच सुटून आली.

"आजोबा, तेल लावून आलात का?"

माझ्याआधी हीच बोलली, "तेल अन् हळद. रोज चोळते मी. तसंच सोडते व्हय यांना घराबाहेर?"

"आजी, तेलावर पट्टी चिकटत न्हाई!" ताई हसल्या. पुसता पुसता त्यांचा रुमाल पिवळाधम्मक झाला.

दुसऱ्यांदा मात्र पट्टी बसली. आता गंमत ऐका. मी जरा पोक काढलं की ती हळूच ओढते. शाळेत कविता म्हणताना आमचे गुरुजी असेच मागून येऊन पाठीला बोट लावायचे. "ताठ उभा राहा. शब्द छातीतून येऊ दे!"

घरी येताच अंगणात उभा राहिलो आणि न थांबता कविता म्हटली. दुखणं पळालं असं न्हाई, व्यायाम करायचेच आहेत. पण आवाज पुन्हा छातीतून आला!

ही दारात बसून ऐकत होती. म्हणाली, "तिसरं कडवं गाळलंत."

बराबर होतं तिचं. पुस्तक कधी हाती न घेता, नुसतं माझं ऐकून तिला सगळं तोंडपाठ!

तुम्हाला अजून ताठ उभं करणारं असं बोट कुणाचं आहे?