जिथे बंद केली, तिथला रंग

शिरसाट काका गाडीकडे बघायचेच नाहीत. गिऱ्हाईक आलं, नमस्कार झाला, तक्रार सांगायला त्याने तोंड उघडलं की काकांचा तळहात पुढे यायचा. "ते नंतर. आधी प्लग." मग खिशातलं भिंग काढून ते स्पार्क प्लगचं टोक उजेडाकडे धरायचे. त्यांचं बघून होईपर्यंत कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. मी पडलो बडबड्या. पहिल्या भेटीत त्यांनी मला तीनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, आपण बोललात तर मला आपला आजार कळेल. मला गाडीचा बघायचाय."

विश्रांतवाडीत घराच्या पुढच्या पडवीत त्यांचं गॅरेज होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कार्बोरेटरच्या जेटांच्या डब्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नंबर. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे शर्ट कायम खोचलेला. नव्या गाड्यांत इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर नसतोच, त्यामुळे तो कळणारी माणसंही शहरात फारशी उरली नव्हती.

आमचं गाव हिंजवडीच्या पलीकडे. सपाट शेतं बिल्डरांकडे गेली आणि आम्हा भावांच्या वाट्याला खडकाळ उतार राहिला. त्यावर मी आणि धाकट्या नितीनने जुन्या चार क्वाड बाईक आणून ठेवल्या. फुगीर चाकांच्या या गाड्यांचा एक्सलेटर अंगठ्याने दाबायचा असतो. शनिवार-रविवारी कंपन्यांतली पोरं यायची आणि धूळ खाऊन खूश होऊन परत जायची.

गाड्या मात्र चढावर घुटमळायच्या. काका पहिल्यांदा स्वतः डोंगरावर आले. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा चिमुकला तुकडा असतो, त्याला मध्ये केसासारखं भोक असतं. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार हे ते भोक ठरवतं. पेट्रोल जास्त झालं तर प्लगचं टोक काळं पडतं, कमी पडलं तर पांढरं. "बरोबर असेल तर आमच्या घरच्या चहासारखा रंग," काका म्हणाले, "हॉटेलच्या नव्हे." जास्त पेट्रोलने गाडी नुसती धूर ओकते. कमी पेट्रोलने इंजिन तापतं आणि कधीतरी जागेवर जाम होतं. म्हणून पांढऱ्या टोकाला ते फार भीत.

त्यांचा एकच नियम होता. पूर्ण अंगठा दाबून गाडी चढावर न्यायची, तिथेच किल्ली बंद करायची, आणि प्लगही तिथेच काढायचा. सावकाश चालवत खाली आणली की तेवढ्या वेळात टोकावर काजळी धरते आणि चढावरचा रंग झाकला जातो. "जिथे बंद केली, तिथलाच रंग खरा," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी त्यांची नक्कल करून नितीनला हसवायचो.

पुढच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. डोंगर चढणं बंद झालं. मी प्लग काढून विश्रांतवाडीला न्यायचो आणि ते घरी बसून जेट सांगायचे. प्रत्येक वेळी विचारायचे, "वर काढलात?" मी प्रत्येक वेळी वरच काढलेला असायचा. एकदा सोडून.

त्या दिवशी तीन नंबरची गाडी चढावर बंद केली आणि लक्षात आलं, पान्हा शेडमध्ये राहिला. ऊन मी म्हणत होतं. खाली जा, पुन्हा वर या, कोण करतंय? मी गाडी चालू केली, सावकाश खाली आणली आणि शेडच्या सावलीत प्लग काढला. काकांनी भिंगातून बघितलं. "काळा आहे. पेट्रोल जास्त होतंय. वर काढलात?"

"हो काका."

त्यांनी एक नंबर लहान जेट दिला. चढावरचा पांढरा रंग काजळीखाली गेला होता; म्हणजे आधीच पेट्रोल कमी पडत असलेल्या इंजिनाचं पेट्रोल आम्ही आणखी कमी केलं.

रविवारी गिऱ्हाईकं यायच्या आधी नितीन ती गाडी घेऊन चढाला लागला. ऐन चढावर इंजिन जाम झालं. गाडी मागे घसरली, उलटली आणि त्याच्या अंगावर आली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काका दोन बस बदलून, जिन्यात थांबत थांबत, हॉस्पिटलमध्ये आले. पलंगाशी उभे राहून नितीनला म्हणाले, "जेट मी दिला होता. मला काळा दिसला. तो काळा नसणार. माझे डोळे चुकले." आई रडत होती. मी चहाचा थर्मास हातात घेऊन तिथेच उभा होतो. बोलायला हवं होतं. नाही बोललो. मी भित्रा आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक असल्याचं सांगितलं तर काका म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना प्लग दाखवला नव्हता." त्यांनी भिंग कपाटात टाकलं. कुणी गाडी घेऊन आलं तर काकू दारातूनच परत पाठवायच्या. तीन वर्षं तो माणूस रिकाम्या पडवीत खुर्ची टाकून बसला. दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जायचो, त्यांच्याकडे न बघता बोलायचो आणि लवकर निघायचो.

त्यांच्या हृदयाने हात टेकले तेव्हा मी गेलो आणि सांगितलं. "काका, तो प्लग मी खाली काढला होता."

ते म्हणाले, "सावकाश उतरवली असेल."

"हो."

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. तो मला अजून विसरता येत नाही, कारण पाठोपाठ त्यांनी रिकाम्या पडवीकडे बघितलं. "नितीनला सांगितलंत?"

"नाही."

"आधी त्याला सांगायचं होतं."

मी त्याला सांगितलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी पान्हा खिशात घालून चढावर गेलो, गाडी तिथे बंद केली, तिथेच प्लग काढला आणि कागदात गुंडाळून त्यांच्याकडे नेला. काकूंनी कपाटातलं भिंग काढून दिलं. काकांनी प्लग हातात घेतला, पण उजेडाकडे धरला नाही.

"नितीनला सांगितलंत?"

"सांगतो, काका."

त्यांनी प्लग पुन्हा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "राहू द्या. आता आपल्या शब्दावर मला प्लग वाचता येणार नाही." आवाज चढला नव्हता, आणि 'आपण' सुटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते गेले. त्रिसरण-पंचशील झालं, माणसं पांगली. घरी आल्यावर नितीन शेडपाशी कुबडी टेकवून म्हणाला, "लई चांगला मानूस व्हता, दादा. डोळ्यांनी घात केला त्याचा."

तेव्हा मी सांगितलं. पान्ह्यापासून थर्मासपर्यंत सगळं.

नितीनने शिवी दिली नाही. त्याने फक्त विचारलं, "पान्हा कुठं व्हता?"

"हितंच. शेडमदी."

तो वळला आणि कुबडी टेकत, नकली पाय ओढत चढाकडे निघाला. मी मागे मागे गेलो. हात लावायची माझी हिंमत झाली नाही. गाडी बंद केली होती त्या जागी तो थांबला. धापा टाकत होता.

"शेडपासून एकशे ऐंशी पावलं," तो म्हणाला. "माझी. तुझी कमी भरली असती."